प्रोसेसची शिदोरी

युनिक्स किंवा लिनक्सवर सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला जन्मतःच एक छोटी यादी मिळते. प्रत्येक नोंदीत डावीकडे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह आणि उजवीकडे मजकूर असतो. ‘पाथ’पुढे कमांड कुठे शोधायच्या त्या डिरेक्टऱ्या असतात, ‘होम’पुढे घरची डिरेक्टरी, ‘टीझेड’पुढे कुठले घड्याळ मानायचे ते. या नोंदी म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. कामाच्या ठिकाणी नुसते ‘एन्व्ह’ म्हटले तरी भागते. यादी जन्म देणाऱ्या प्रोसेसकडून येते आणि ती प्रत असते. घरून बांधून दिलेल्या शिदोरीसारखा हा मामला आहे: लेकाने वाटेत त्यातले काय खाल्ले, काय टाकले याने घरच्या डब्यांना फरक पडत नाही, आणि तो गाडीत बसल्यावर घरी वळलेले लाडू त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

माणूस लॉगिन करून हाताने कमांड देतो तेव्हा शिदोरी भरगच्च असते. देखरेखीखालची सर्व्हिस, म्हणजे मेली तर पुन्हा उठवण्याचे काम दुसऱ्या एका प्रोग्रामकडे सोपवलेली प्रोसेस, जवळजवळ रिकाम्या हाताने निघते. तिच्यासाठी कोणी लॉगिन केलेले नसते, पासवर्ड टाकलेला नसतो, की घरच्या डिरेक्टरीतली प्रोफाइल वाचलेली नसते. ‘हाताने चालवली की चालते, सर्व्हिस म्हणून उठतच नाही’ ही सर्व्हर सांभाळणाऱ्यांची तक्रार फार जुनी आहे, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा या रिकाम्या हातांत सापडते.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये असे व्हेरिएबलच नव्हते. सहाव्या आवृत्तीपर्यंत नव्या प्रोग्रामला कमांडपुढे लिहिलेले शब्द तेवढे मिळत. जॉन मॅशी यांच्या शेलमध्ये, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एकाक्षरी व्हेरिएबल आले, पण प्रोसेसच्या हाती द्यायची नामवार यादी पक्की झाली ती बेल लॅब्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ मध्ये. याच आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात नमुन्यादाखल दिलेली नावे मोजकी होती: पाथ, होम आणि टर्म. टर्ममध्ये समोरचा टर्मिनल कुठल्या जातीचा आहे ते लिहिलेले असे.

बोर्न शेलने एक भेद केला, तो आजही नवख्यांना चकवतो. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांडांच्या फाइलीत, नाव, बरोबर आणि किंमत लिहिली की व्हेरिएबल तयार होतो, पण तो शेलच्या स्वतःच्या खिशात राहतो. पुढच्या प्रोग्रामच्या शिदोरीत तो जावा यासाठी ‘एक्सपोर्ट’ हा शब्द लागतो. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा चालत नाही; चिन्हाआधी सोडली तर शेल डावीकडचा शब्द कमांड समजून शोधू लागतो आणि अशी कमांड नाही म्हणून हात वर करतो. किमतीत स्पेस असेल तर अवतरणचिन्हे हवीत. एकाच कमांडपुरती किंमत द्यायची असेल तर ती कमांडच्या आधी त्याच ओळीवर लिहिली की पुरे, तिथे एक्सपोर्टची गरज नाही. बिल जॉय यांच्या सी शेलने याच कामाला ‘सेटएन्व्ह’ असा वेगळा शब्द दिला, आणि एका शेलची सवय घेऊन दुसऱ्यात स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची चांगलीच तारांबळ उडवली.

किंमत प्रोग्रामच्या बाहेर का ठेवायची, हे वसई-विरारच्या एका साध्या कागदावरून कळते. ३ जुलै २००९ रोजी विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. पाच-सव्वापाच वर्षांत इथल्या माणसाच्या पत्त्यातल्या दोन ओळी बदलल्या. घर जागचे हलले नाही. समजा, पावतीवर संस्थेचे आणि जिल्ह्याचे नाव छापणारा एखादा प्रोग्राम आहे. ही नावे कोडच्या पोटात लिहिलेली असतील तर दोन्ही वेळा कोड उघडा, बदला, तपासा, पुन्हा बसवा. नावे व्हेरिएबलमधून येत असतील तर स्क्रिप्टमधली एक ओळ बदलून सर्व्हिस रीस्टार्ट केली की काम झाले. उलट टोकही इथेच दिसते. वसई रोड स्थानकाची पाटी बदलली, पण रेल्वेचा कोड अजून बीएसआर आहे, ‘बसीन रोड’ या जुन्या नावावरून आलेला. पाटी ही किंमत आहे, बदलू शकते. कोड हे व्हेरिएबलचे नाव आहे. शंभर ठिकाणी वाचले जाते, म्हणून त्याला हात लावत नाहीत.

या व्हेरिएबलांमध्ये इतिहास सर्वांत जास्त साठला आहे तो टीझेडमध्ये. वसई आणि मुंबई साधारण ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आहेत. एका अंशाला ४ मिनिटे धरली तर इथला सूर्य ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे चालतो. हाच जुना ‘बॉम्बे टाइम’. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली उपनगरी गाडी सुटली, तेव्हा देशभर एकच वेळ ही कल्पना रुळलेली नव्हती. पुढे भारतातील रेल्वेने मद्रासची वेळ धरली, ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटे १० सेकंद पुढची, म्हणजे मुंबईच्या घड्याळापेक्षा अर्धा तास पुढे. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईने मात्र आपली ३९ मिनिटे मागची वेळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोडली नाही. एकच गाडी, एकच फलाट आणि दोन घड्याळे. गाडी चुकली तर दोष गाडीचा नसे. प्रवाशाने कुठले घड्याळ घरून आणले त्याचा असे.

टीझेडच्या जुन्या पद्धतीत वेळ ‘आयएसटी’ ही अक्षरे आणि फरकाचा आकडा अशी लिहितात, आणि इथे एक खोच आहे: भारतासाठी चिन्ह उणे लागते, ‘आयएसटी-५:३०’. अमेरिकेत घडलेल्या या पद्धतीत ग्रिनिचच्या पश्चिमेचा फरक अधिक धरला आहे, त्यामुळे पूर्वेकडच्यांच्या वाट्याला उणे आले. भारत पुढे आहे म्हणून कोणी अधिक चिन्ह दिले तर घड्याळ तब्बल ११ तास मागे पडते. या पद्धतीत अक्षरे कुठलीही तीन चालतात. कुणी हौसेने ‘बीएमटी-४:५१’ अशी किंमत देऊन ‘डेट’ कमांड चालवली तर स्क्रीनवर आजही बॉम्बे टाइम उमटतो, प्रमाणवेळेच्या नेमका ३९ मिनिटे मागे. (हे सारे रोमन अक्षरांत टाइप करायचे, हे सांगायला नको.)

आयएसटी ही अक्षरे इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात, त्यामुळे नुसत्या अक्षरांवर विसंबता येत नाही. १९८६ च्या सुमारास आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी जगभरच्या वेळांचा डेटाबेस जमवायला घेतला. पॉल एगर्ट यांनी तो पुढे वाढवला, आणि १९९३ पासून खंड व शहर अशी नावे त्यात रूढ झाली. भारताच्या वाट्याला ‘एशिया/कॅलकटा’ हे नाव आले. ‘एशिया/मुंबई’ असे काही त्यात नाही. पुढे ते ‘एशिया/कोलकाता’ झाले, पण जुने नाव उपनाव म्हणून जिवंत ठेवले, कारण ते हजारो स्क्रिप्टांत लिहिलेले होते. या नोंदीच्या पोटात हावड्याची वेळ आहे, मद्रासची आहे, दुसऱ्या महायुद्धात घड्याळे तासभर पुढे केली तेही आहे. बॉम्बे टाइमला स्वतंत्र नोंद नाही, कारण डेटाबेस १९७० नंतर वेगळे वागलेल्या प्रदेशांनाच वेगळी जागा देतो.

मुंबई परिसरात युनिक्स वापरणाऱ्या पहिल्या पिढीला हे व्हेरिएबल भेटले ते टर्मिनलसमोर बसून. १९८६ मध्ये सुरू झालेल्या, शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या नेटवर्क-प्रकल्पात जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संस्था आणि पवईचे आयआयटी होते. सामान्य माणसाला दार उघडले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलने इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा. त्यातले स्वस्त खाते ‘शेल अकाउंट’ होते. मोडेमची किंचाळी संपली की काळ्या पडद्यावर युनिक्सचे लॉगिन येई आणि टर्म या व्हेरिएबलमध्ये ‘व्हीटी१००’ असेल तर मेलचा प्रोग्राम नीट दिसे. व्हीटी१०० हे डेक कंपनीचे १९७८ चे टर्मिनल. ते यंत्र इथे कुणाच्या घरी नव्हते; त्याचे सोंग घेणारे सॉफ्टवेअर होते. या पिढीला एक धडा पक्का मिळाला: व्हेरिएबल प्रोफाइल फाइलमध्ये लिहायचे, लॉगिन झाले की ते आपोआप लागू होतात. माणसापुरता हा धडा बरोबर आहे. सर्व्हिसच्या बाबतीत त्याने पुढे बराच घोळ घातला, कारण सर्व्हिस लॉगिन करत नाही.

सर्व्हिस सुरू कोण करतो? युनिक्समध्ये सर्वांत आधी जन्मणारी, १ क्रमांकाची प्रोसेस म्हणजे ‘इनिट’. युनिक्सच्या सिस्टीम व्ही घराण्यात तिची ‘इनिटटॅब’ ही फाइल होती आणि तीत ‘रीस्पॉन’ असा शब्द लिहिला की मेलेली प्रोसेस पुन्हा उठवली जाई. देखरेखीची कल्पना इतकी जुनी आहे. फार वेगाने मरणाऱ्या प्रोसेसला लिनक्सवरचा हा इनिट ५ मिनिटे बाजूला बसवून ठेवी. तरीही बहुतेक सर्व्हिस इनिटटॅबमधून न चालता, मशीन चालू होताना चालणाऱ्या आरसी स्क्रिप्टांतून चालत. स्क्रिप्ट सर्व्हिस सुरू करून मोकळी होई, सर्व्हिस पार्श्वभूमीत जाई आणि आपला प्रोसेस क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवी. मेली तर मेली. कुणी ओरडेपर्यंत पत्ता लागत नसे. तिचे व्हेरिएबल डेबियनवर /इटीसी/डिफॉल्ट आणि रेड हॅटवर /इटीसी/सिसकॉन्फिग या डिरेक्टरीतल्या छोट्या फाइलींत ठेवत, आणि स्क्रिप्ट एका टिंबाच्या कमांडने ती फाइल आपल्यात ओढून घेई.

या व्यवस्थेतला खरा सापळा रीस्टार्टमध्ये होता. मशीन चालू होताना सर्व्हिसला इनिटची तुटपुंजी शिदोरी मिळे. दुपारी ॲडमिनने लॉगिन करून तीच स्क्रिप्ट हाताने चालवली की सर्व्हिसला ॲडमिनची शिदोरी मिळे: त्याचा पाथ, त्याची भाषा, त्याचे टीझेड. सर्व्हिस झकास चाले. महिन्याने वीज जाऊन मशीन आपोआप चालू झाले की तीच सर्व्हिस रुसून बसे, आणि मधल्या काळात कुणी काहीच बदललेले नसे. यावर उपाय म्हणून लिनक्समध्ये ‘सर्व्हिस’ नावाची कमांड आली. ती स्क्रिप्ट चालवण्याआधी बहुतेक सगळे व्हेरिएबल झटकून टाकते. ठरल्या वेळी कामे करणाऱ्या क्रॉनचीही तऱ्हा तीच. पॉल व्हिक्सी यांच्या १९८७ च्या क्रॉनमध्ये पाथ फक्त दोन डिरेक्टऱ्यांचा असतो. वेगळे काही हवे तर क्रॉनटॅब या त्याच्या फाइलीतच लिहावे लागते. तिथे डॉलरचे चिन्ह टाकून एका व्हेरिएबलमधून दुसरा घडवता येत नाही, जसे लिहिले तसेच्या तसे जाते.

या सगळ्या घोळाला पद्धत लावली डॅनियल जे. बर्नस्टीन यांनी. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातले हे गणिती क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या ‘डीमनटूल्स’ या संचाची ०.७६ ही आवृत्ती जुलै २००१ ची, आणि तिचे विचार आजही चालतात. प्रत्येक सर्व्हिसला एक डिरेक्टरी आणि तीत ‘रन’ नावाची एक स्क्रिप्ट. ‘सुपरवाइज’ ही प्रोसेस ती चालवते, ती संपेपर्यंत थांबते आणि संपली की पुन्हा चालवते. प्रोसेस क्रमांकाची फाइल वगैरे भानगड नाही. जिने जन्म दिला तिलाच मृत्यूची खबर मिळते. या साऱ्याला सुरू करणारी स्क्रिप्ट ‘एन्व्ह’ या कमांडला वजा चिन्ह देऊन जुनी शिदोरी पूर्ण रिकामी करते आणि फक्त पाथ पुढे देते. मशीन आपोआप चालू झाले काय, ॲडमिनने सर्व्हिस हलवली काय, सुरुवात दरवेळी सारख्याच रिकाम्या हातांनी होते. सर्व्हिसला जे लागते ते रन स्क्रिप्टमध्ये उघडपणे लिहायचे.

अशी रन स्क्रिप्ट चार-पाच ओळींची असते. पहिल्या ओळीत /बिन/एसएच या शेलचा पत्ता. दुसरीत चुकांचे आउटपुट साध्या आउटपुटला जोडलेले, म्हणजे दोन्ही लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रामकडे जातात. तिसरीत टीझेडला एशिया/कोलकाता ही किंमत देऊन एक्सपोर्ट. शेवटी ‘एक्झेक’ हा शब्द आणि त्यापुढे सर्व्हिसचा प्रोग्राम, पूर्ण पत्त्यासह. एक्झेक विसरला तर शेल मध्ये बसून राहतो: सुपरवाइज शेलवर नजर ठेवते, थांबायचा सिग्नल शेलला मिळतो आणि खरा प्रोग्राम मागे अनाथ होऊन पोर्ट अडवून बसतो. एक्झेकमुळे शेल स्वतःची जागा प्रोग्रामला देऊन नाहीसा होतो, प्रोसेस क्रमांक तोच राहतो आणि एक्सपोर्ट केलेली शिदोरीही त्याच हातात राहते.

व्हेरिएबल बरेच असतील तर त्यांच्यासाठी बर्नस्टीन यांनी ‘एन्व्हडिर’ ही कमांड दिली. एका डिरेक्टरीत प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक फाइल. फाइलचे नाव हेच व्हेरिएबलचे नाव, तिची पहिली ओळ ही किंमत. ओळीच्या शेवटची मोकळी जागा छाटली जाते. पूर्ण रिकामी फाइल म्हणजे तो व्हेरिएबल यादीतून काढून टाका. त्यांच्याच डीएनएस सर्व्हरच्या ‘एन्व्ह’ डिरेक्टरीत आयपी, रूट, कॅशसाइझ अशा फाइली असतात. कॅशचा आकार बदलायचा तर त्या फाइलीत नवा आकडा लिहायचा. अवतरणचिन्हे नाहीत, एक्सपोर्ट नाही, शेलच्या व्याकरणात पाय अडकण्याची भीती नाही. कुठली किंमत कोणी वाचायची हे फाइलच्या परवानग्यांवरून ठरवता येते. नंतरच्या अनेक गाजावाजा झालेल्या साधनांपेक्षा ही युक्ती साधी आणि पक्की आहे. गेरिट पापे यांच्या रनिट या देखरेखीच्याच साधनात ती ‘सीएचपीएसटी’ कमांडच्या ‘ई’ या पर्यायात आली, लॉरां बेर्को यांच्या एस६ मध्ये ‘एस६-एन्व्हडिर’ म्हणून.

देखरेखीच्या साधनांची पुढची पिढी स्क्रिप्टकडून नुसत्या वर्णनाकडे वळली. ॲपलचा लाँचडी (२००५), उबुंटूचा अपस्टार्ट (२००६) आणि लेनार्ट पोटरिंग व के सीव्हर्स यांचा सिस्टीमडी (२०१०) यांनी व्हेरिएबल सर्व्हिसच्या वर्णनफाइलीतच घेतले. सिस्टीमडीत ‘एन्व्हायर्नमेंट’ या ओळीत थेट किंमत लिहितात, ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’ या ओळीत बाहेरच्या फाइलीचा पत्ता देतात, आणि एकच नाव दोन्हीकडे असेल तर फाइलीतली किंमत वरचढ ठरते. जुन्या लोकांना इथे ठेच लागली. आरसी स्क्रिप्टांच्या काळातली /इटीसी/डिफॉल्टमधली फाइल शेल वाचत असे, म्हणून तीत एक्सपोर्ट चाले, दुसऱ्या कमांडचे उत्तर किंमत म्हणून घेता येई. सिस्टीमडी ती फाइल शेलकडून वाचून घेत नाही, स्वतः वाचतो. दिसायला तीच फाइल, पण डॉलरचे चिन्ह नुसते डॉलरचे चिन्ह राहते. शेल हवाच असेल तर वर्णनफाइलीतून एक छोटी स्क्रिप्ट चालवायची आणि तिच्या शेवटी पुन्हा तेच एक्झेक.

मराठीचा या कथेत वेगळाच प्रवेश आहे. भाषा आणि प्रदेश सांगणाऱ्या ‘लँग’ या व्हेरिएबलला लिनक्सवर ‘एमआर_आयएन’ ही किंमत देता येते. डेस्कटॉपवर त्याने मेनू मराठीत येतात, आनंदच आहे. हीच किंमत सर्व्हिसच्या शिदोरीत गेली की गंमत होते. मराठीसाठी युनिकोडच्या प्रादेशिक माहितीसंचात देवनागरी अंक हेच प्रमाण आहेत. त्यामुळे ही माहिती पाळणारा जावाचा प्रोग्राम आकडे १, २, ३ असे देवनागरीत छापू लागतो, अगदी लॉगमध्ये आणि डेटाबेसकडे जाणाऱ्या वाक्यातही, आणि पलीकडचा प्रोग्राम त्याला आकडा मानायला तयार होत नाही. म्हणून यंत्रांनी वाचायचा मजकूर तयार करणाऱ्या सर्व्हिसच्या स्क्रिप्टमध्ये ‘एलसी_ऑल’ या सर्वांवर मात करणाऱ्या व्हेरिएबलला ‘सी’ ही तटस्थ किंमत देण्याचा रिवाज पडला. माणसाला मराठी दाखवायची ती शेवटच्या पडद्यावर.

२०११ मध्ये हेरोकू कंपनीचे ॲडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ हा बारा सूत्रांचा मजकूर लिहिला आणि त्यात सगळे कॉन्फिगरेशन एन्व्हमध्ये ठेवावे असे सांगितले. सल्ला इतका पचनी पडला की लोक डेटाबेसचे पासवर्डही तिथेच ठेवू लागले. लिनक्सवर प्रोसेसची शिदोरी /प्रॉक या डिरेक्टरीत ‘एन्व्हायरॉन’ नावाने दिसते; त्याच युजरला आणि रूटला ती वाचता येते, आणि पोटच्या प्रत्येक प्रोसेसकडे तिची प्रत जाते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी उघड झालेल्या ‘शेलशॉक’ने दुसरी बाजू दाखवली. स्टेफान शाझेलास यांना आढळले की बॅश हा शेल व्हेरिएबलमधून आलेली फंक्शनची व्याख्या वाचून झाल्यावर तिच्या पुढचा मजकूरही कमांड म्हणून चालवतो. चूक १९८९ पासून तशीच पडून होती. वेब सर्व्हर ब्राउझरचे नाव व्हेरिएबलमध्ये घालून स्क्रिप्टकडे देत असल्याने जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाला या शिदोरीत काहीतरी कालवता येत होते. सिस्टीमडीने २०२० मध्ये गुपितांसाठी ‘लोडक्रेडेन्शियल’ ही वेगळी सोय दिली, जिच्यात पासवर्ड सर्व्हिसला फाइल म्हणून मिळतो आणि यादीत फिरत नाही.

२०१३ मध्ये डॉकर आल्यावर कंटेनरने, म्हणजे प्रोग्राम त्याच्या साऱ्या सामानासह एका इमेजमध्ये बांधून वेगळा चालवण्याच्या पद्धतीने, रिकाम्या हातांची जुनी गोष्ट नव्याने सुरू केली. बहुतेक तयार इमेजांत घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जवळपास ग्रिनिचच्या वेळेवर असते. विरारमध्ये पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात तेव्हा सर्व्हिसच्या लॉगमध्ये आदल्या रात्रीचे दहा पडतात. मध्यरात्री व्हायचे बॅकअप सकाळी साडेपाचला, चर्चगेटकडच्या गाड्या भरू लागतात तेव्हा सुरू होते. टीझेड कंटेनरला देऊनही कधी काम होत नाही, कारण छोट्या इमेजांत वेळांचा डेटाबेसच नसतो. तिथे एशिया/कोलकाता हे नाव ओळखले जात नाही आणि घड्याळ मुकाट्याने यूटीसीवर राहते. अशा वेळी उणे चिन्हाची जुनी पद्धत उपयोगी पडते, तिला डेटाबेस लागत नाही. कंटेनरच्या आत एस६वर उभारलेले ‘एस६-ओव्हरले’ बसवले असेल तर एक पायरी वाढते: कंटेनरला दिलेले व्हेरिएबल आतल्या सर्व्हिसपर्यंत आपोआप जात नाहीत, रन स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘विथ-कॉन्टएन्व्ह’ लिहून ते मागून घ्यावे लागतात. आणि साधन कुठलेही असो, चालू असलेल्या सर्व्हिसच्या शिदोरीत बाहेरून काही भरायची सोय नाही. फाइल बदलायची, सिस्टीमडी असेल आणि वर्णनफाइल बदलली असेल तर आधी ‘डीमन-रीलोड’ द्यायचा, आणि मग सर्व्हिस रीस्टार्ट करायची.